दोन पावलं डावीकडं

लोंढ्यावरनं येणाऱ्या पहाटेच्या गाडीतनं
तो मिरजेला उतरला, सहा फूट दोन इंच,
सगळे एका पायावर.
सोबत गोव्याच्या क्लबचा पोरगा, बगलेत एमआरआयचा लखोटा
आणि मॅनेजरची चिठ्ठी : गुडघा बघा, खर्च कळवा.

खिडकीत कदमबाईंनी विचारलं, आडनाव?
त्यानं एका दमात पाच नावं सांगितली.
बाईंनी पहिलं तेवढं धरलं. वालदेसर.
धंदा विचारला, तर त्यानं दोन्ही हात आडवे पसरले,
बोळाच्या तोंडाशी म्हशी अडवतात तसे.
बाईंनी लिहिलं, वॉचमन.

फार चुकलं नव्हतं.

मी शांतवन भोरे. प्लास्टर रूम, एकतीस वर्षं.
त्याआधी रेल्वे कॉलनीचा स्टॉपर,
म्हणजे ज्याचा फोटो पेपरात
पडलेल्या गोलकीपरच्या मागं अर्धा येतो, तो.
आई म्हणायची, दीड तास पळून केलंस काय रे?
मी म्हणायचो, काही होऊ दिलं नाही.
ती भाकरी थापत राहायची.

भाषा नव्हती आम्हाला. पाय होता.
मी व्रणावर बोट ठेवायचो, तो गाव सांगायचा.
नडगीवरची लांब रेघ, पहिला क्लब, वय सोळा.
घोट्यातले दोन स्क्रू पोर्तुगालचे, दुसऱ्या डिव्हिजनचे,
तिथला तीन महिन्यांचा पगार अजून यायचाय.
भुवईवर सायप्रस.
हनुवटीखाली? तो हसला. ते बायकोच्या भावानं.
सतरा वर्षं, नऊ क्लब.
गोल?
त्यानं दोन बोटं वर केली,
मग त्यातलं एक वळवून स्वतःच्या छातीवर टेकवलं.
आपल्याच जाळ्यात.
त्याच्या गावात तेवढाच लक्षात आहे म्हणे लोकांच्या.

रात्री वारा फिरला आणि कारखान्याच्या मळीचा वास
वॉर्डात आला. आम्हाला तो येत नाही आता.
तो उठून बसला.
काना, म्हणाला. काना. हातानं कोयता चालवून दाखवला,
बाप, म्हणून वर बोट केलं.
मग गुडघ्यावरचे सगळे टाके ओलांडून
त्यानं मला एक बारीक पांढरी खूण दाखवली,
नऊ वर्षांच्या पोराच्या हातून
उसाऐवजी पायावर पडलेला घाव.
सतरा वर्षांत एकाही डॉक्टरनं ती विचारली नव्हती.
मीही विचारली नव्हती.

सरांनी सांगितलं, चालशील, जिने चढशील.
क्लबचा पोरगा त्याचं लांबलचक भाषांतर करत राहिला.
त्याला आधीच्या गप्पेतच कळलं होतं.
मला म्हणाला, खुणेनं, प्लास्टर घट्ट बांध.

पाचव्या दिवशी हुसेनच्या रिक्षातनं,
पाय बाहेर काढून, लाल फडकं बांधून,
त्याला रेल्वेच्या ग्राउंडवर नेला.
बारगीरांचा अल्ताफ होता बॅकला,
काडी नुसती, बॉल जाईल तिकडं धावणारा.
वालदेसर कुबड्यांवर थेट मैदानात घुसला.
पोरं थांबली.
त्यानं कुबडीचं टोक अल्ताफच्या खांद्याला लावलं
आणि ढकललं त्याला दोन पावलं डावीकडं.
मग जमिनीकडं बोट. इथं. हलू नको.

बॉल तिथंच आला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
फॉरवर्डनं शिवी दिली,
आणि वालदेसरनं माझ्याकडं वळून पाहिलं,
जसं बंद दुकानासमोर
त्याच धंद्यातला माणूस पाहतो.

रात्रीच्या गाडीनं तो गेला.
पुढं काय झालं त्याचं, माहीत नाही. पत्र कशाला येईल.
वहीत अजून आहे : वालदेसर, पस्तीस, वॉचमन.
अल्ताफ हल्ली हुबळीच्या गाडीवर तिकिटं तपासतो.
विदाउटवाले म्हणतात,
हा दाराच्या मधोमध कधीच उभा नसतो,
थोडा डावीकडं असतो,
आणि नेमका तिथनंच आम्ही जात असतो.